‘ॲक्शन’ करा म्हणजे नेमकं काय करा?

‘ॲक्शन’ हा शब्द इंग्रजीत क्रियापद म्हणून वापरलेला मला पटत नाही. पण तो का वापरू नये याचं जे कारण सगळीकडे ऐकू येतं, ते त्याहूनही कमी पटतं. ‘अहो, ते नाम आहे, त्याचं क्रियापद कसं करता?’ हे ते कारण. कामकाजाच्या इंग्रजीतले अहवाल, पत्रं आणि बैठकांची इतिवृत्तं तपासून नीट करणं हे माझं रोजचं काम आहे. तिथे ‘प्लीज ॲक्शन धिस’ असतं, ‘लेट्स कॅलेंडर इट’ असतं, ‘वुई नीड टु सोल्यूशन धिस’ असतं. एखादी कल्पना ‘व्हाइटबोर्ड’ केली जाते, एखादी योजना ‘सनसेट’ केली जाते. हे सगळे शब्द सरसकट लाल शाईने खोडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांतले काही खोडायलाच हवेत आणि काहींना मुळीच हात लावू नये, असं माझं मत आहे. पण कोणता शब्द कुठे जाईल, हे ‘नामाने नामासारखं राहावं’ या नियमाने ठरत नाही.

ही तक्रार फार जुनी आहे. २६ डिसेंबर १७८९ रोजी अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने कोशकार नोआ वेबस्टरला एक पत्र लिहिलं. फ्रँकलिन तेव्हा ८३ वर्षांचा होता आणि पुढच्या एप्रिलमध्ये तो वारला. बरीच वर्षं फ्रान्समध्ये काढून मायदेशी परतल्यावर त्याला आपल्या भाषेत काही नवे शब्द घुसलेले दिसले होते. ‘नोटिस’चं क्रियापद झालं होतं, ‘ॲडव्होकेट’चं झालं होतं आणि ‘प्रोग्रेस’चंही. या तिघांत ‘प्रोग्रेस’ त्याला सर्वांत ओबडधोबड आणि किळसवाणा वाटला. तुमचंही असंच मत असेल तर आपलं वजन वापरून या शब्दांना आळा घाला, अशी विनंती त्याने वेबस्टरला केली. छापखान्यांनी नामांची पहिली अक्षरं मोठी छापणं सोडून दिलं, याचं दुःखही त्याच पत्रात आहे.

फ्रँकलिन स्वतः मुद्रक होता, छापलेल्या शब्दावर त्याचं प्रेम होतं, म्हणून त्याचा त्रागा मला खरा वाटतो. पण हे तिन्ही शब्द आज क्रियापदं म्हणून इतके मुरले आहेत की त्यांच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही. शिवाय जो शब्द त्याला सर्वांत जास्त खुपला, तो नवा नव्हताच. शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’ नाटकात गालांवरून अश्रू ‘प्रोग्रेस’ करतात, आणि ते नाटक फ्रँकलिनच्या पत्राच्या जवळपास दोनशे वर्षं आधीचं. म्हणजे आपल्या कानाला जे आजचं वाटतं ते आजचं असतंच असं नाही. आपण ते आधी ऐकलेलं नसतं, एवढंच.

‘कॉन्टॅक्ट’ची कथाही अशीच, आणि तिच्यात आकडे आहेत. विसाव्या शतकात अमेरिकेत ‘आय विल कॉन्टॅक्ट यू’ या वाक्यावर मोठी नाराजी होती. अमेरिकन हेरिटेज कोशाने लेखक-संपादकांचं एक मंडळ नेमलं होतं. कोणता प्रयोग ग्राह्य धरावा, हे त्या मंडळाला विचारत. १९६९ मध्ये क्रियापद म्हणून ‘कॉन्टॅक्ट’ मान्य करणारे सभासद होते ३४ टक्के. १९८८ मध्ये ते ६५ टक्के झाले आणि २००४ मध्ये ९४ टक्के. पस्तीस वर्षांत व्याकरण तसूभरही बदललं नव्हतं. बदलली होती ती ऐकणाऱ्यांची पिढी.

मग इंग्रजीला हे इतकं सहज जमतं कसं? मराठी माणसाने हा प्रश्न विचारावाच, कारण आपल्या भाषेत हे असं होत नाही. उत्तर इंग्रजीच्या इतिहासात आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नाम आणि क्रियापद वेगळे ओळखू येत. प्रेम या अर्थाचं नाम होतं ‘लुवु’ आणि प्रेम करणं होतं ‘लुवियन’. शब्दाच्या शेपटावरून त्याची जात कळायची. पुढच्या काही शतकांत बोलण्याच्या ओघात ही शेपटं झिजली, आणि साधारण पंधराव्या शतकापर्यंत दोन्हींचा मिळून एकच ‘लव्ह’ उरला. वेगळेपणाची खूणच गेल्यावर एका घरातून दुसऱ्या घरात जायला कुणाची परवानगी लागणार? वाक्यात शब्द कुठे बसला आहे, यावर त्याचं काम ठरू लागलं. कर्त्याच्या नंतर आणि कर्माच्या आधी बसला की तो क्रियापद.

जुन्या शेपटांची एखादी खूण मात्र कुठे कुठे राहिली आहे. घर या अर्थाचा ‘हाउस’ आणि एखाद्याला घर देणं या अर्थाचा ‘हाउझ’ हे लिहायला एकच, पण उच्चारात शेवटचा ‘स’ आणि ‘झ’ वेगळे. क्रियापदात त्या ‘स’नंतर पूर्वी एक स्वर यायचा, म्हणून दोन स्वरांमध्ये सापडून तो घोष, म्हणजे घशातल्या कंपासह उच्चारला जाणारा, झाला. स्वर केव्हाच गेला, ‘झ’ राहिला. रोज हा शब्द उच्चारणाऱ्या कुणाला हे ठाऊक नसतं, पण जीभ ते विसरलेली नाही. मला ही गोष्ट फार आवडते.

मराठीची तऱ्हा निराळी. नामापासून क्रियापद आपणही करतो, भरपूर करतो. संस्कृत व्याकरणाने त्यांना नामधातू म्हटलं आणि पाणिनीने त्यांच्यासाठी स्वतंत्र सूत्रं लिहिली. ‘पुत्रीयति’ म्हणजे स्वतःला पुत्र व्हावा अशी इच्छा करतो, किंवा दुसऱ्या कुणाला पुत्रासारखं वागवतो. दोन्ही अर्थ एका क्रियापदात मावतात. मराठीत हात आहे तसं हाताळणं आहे, लाथ आहे तसं लाथाडणं आहे. डोळे पाणावतात, लोखंड गंजतं, जीव कंटाळतो, मन सुखावतं. पण आपण प्रत्यय लावतो. ‘पाणी’ हे ‘पाणावले’ झाल्याशिवाय क्रियापदाच्या जागी बसत नाही, आणि लाज-लाजणे यासारखा सरळ मार्ग असला तरी ‘लाजली’ ऐकताच क्रिया कळते. परका शब्द आला की आपल्याकडे ‘करणे’ हजरच असतं. मेल करणे, फॉरवर्ड करणे, डाउनलोड करणे. शब्द नाम आहे की क्रियापद याची चौकशीसुद्धा आपण करत नाही, कारण क्रियेचा भार ‘करणे’ उचलतं. म्हणूनच इंग्रजीतलं ‘टु ॲक्शन’ वाचून मराठी माणूस इंग्रजी वैयाकरणाइतका दचकत नाही. त्याच्या कानात ते आपोआप ‘ॲक्शन करणे’ होतं.

इंग्रजीत हे किती खोलवर गेलंय ते शरीरावरूनच पाहावं. ‘हेड’ केलं जातं, ‘आय’ केलं जातं, ‘शोल्डर’, ‘एल्बो’, ‘हँड’, ‘थंब’, ‘बॅक’ आणि ‘स्टमक’सुद्धा. एखाद्या विभागाचं नेतृत्व करणं, गर्दीतून कोपराने वाट काढणं, न पटणारी गोष्ट गिळणं, हे सगळं अवयवांच्या नावांनीच होतं. मानसभाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांच्या अंदाजाने इंग्रजीतली सुमारे एकपंचमांश क्रियापदं मुळात नामं होती. सरसकट बंदी घालायची ठरवली तर रोजच्या बोलण्याची एवढी मोठी फांदी छाटावी लागेल.

कचेरीतलं ‘लेट्स डायलॉग’ ऐकून जे कपाळाला आठ्या घालतात, त्यांना ‘टायमन ऑफ अथेन्स’ मधला प्रश्न सांगावासा वाटतो: तू आपल्या सावलीशी ‘डायलॉग’ करतोस काय? हा शेक्सपिअरच. लिव्हरपूल विद्यापीठाचे फिलिप डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेक्सपिअरच्या अशा जात बदललेल्या शब्दांवर प्रयोग केला. वाचणाऱ्यांच्या मेंदूतले विद्युत-संकेत मोजले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं की वाक्यरचनेत काही वेगळं घडलंय हे मेंदू टिपतो, पण अर्थ लावताना अडखळल्याची नेहमीची खूण उमटत नाही. म्हणजे व्याकरणाला धक्का बसतो आणि अर्थ तरीही सरळ पोचतो. चांगल्या लेखकाला याहून जास्त काय हवं असतं?

आणि इथेच माझा प्रश्न सुरू होतो. कारण ‘प्लीज ॲक्शन धिस’ वाचताना माझ्या बाबतीत नेमकं उलटं घडतं. धक्का कधीच ओसरला आहे, पण अर्थ पोचत नाही.

१९७९ मध्ये ईव्ह क्लार्क आणि हर्बर्ट क्लार्क या भाषाभ्यासक दांपत्याने अशा क्रियापदांवर एक मोठा शोधनिबंध लिहिला. त्यांचं एक उदाहरण या विषयात सगळीकडे दिलं जातं: मुलाने वर्तमानपत्र ‘पोर्च’ केलं. हे क्रियापद कोशात नाही, पण वाचताच कळतं की त्याने ते घराच्या ओसरीवर टाकलं. का कळतं? ओसरी काय असते, वर्तमानपत्र घरी कसं येतं, हे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं म्हणून. असं ताजं क्रियापद दोघांच्या सामाईक माहितीवर उभं असतं, हा त्यांचा मुख्य मुद्दा. वाट कुठे बंद होते हेही त्यांनी दाखवलं. हिवाळा एखाद्या ठिकाणी घालवणं म्हणजे ‘विंटर’ करणं चालतं, उन्हाळ्याचं ‘समर’ही चालतं, पण ‘स्प्रिंग’ आणि ‘फॉल’ चालत नाहीत. त्या रूपांची उडी मारणं आणि पडणं ही क्रियापदं आधीच जागा अडवून बसलेली आहेत. भाषा स्वतःच स्वतःचं राखण करते, कोशकाराला आळा घालायला सांगावं लागत नाही.

क्लार्क दांपत्याचा हा मुद्दा घेऊन मी कचेरीतल्या शब्दांकडे पाहू लागलो, तेव्हा ते आपोआप दोन ढिगांत पडले. ‘ईमेल’, ‘टेक्स्ट’, ‘बुकमार्क’, ‘कॅलेंडर’, ‘व्हाइटबोर्ड’ ही वस्तूंची नावं आहेत. वस्तू डोळ्यांसमोर आली की तिचं काय करायचं तेही येतं. कॅलेंडर करा म्हणजे दिनदर्शिकेत नोंदवा, व्हाइटबोर्ड करा म्हणजे फळ्यावर आखून बघा. दुसरा अर्थ संभवतच नाही. ‘कॅलेंडर’ला नाकं मुरडणाऱ्यांशी मी म्हणूनच वाद घालतो. चार शब्दांचं काम तो एकटा करतो, आणि क्रियापद म्हणून तो फ्रँकलिनच्याही कितीतरी आधीचा आहे.

दुसऱ्या ढिगात ‘ॲक्शन’, ‘सोल्यूशन’, ‘इम्पॅक्ट’, ‘ट्रान्झिशन’. ही कशाचीच नावं नाहीत, म्हणजे हातात घेता येईल अशा कशाची नाहीत. यातला एक धागा सापडायला मला वेळ लागला. यांतले बहुतेक शब्द मुळात क्रियापदापासूनच निघालेले आहेत. ‘ॲक्ट’ या क्रियेचं ‘ॲक्शन’ हे नाम झालं, आणि आता त्या नामाचं पुन्हा ‘टु ॲक्शन’ झालं. ‘सॉल्व्ह’वरून ‘सोल्यूशन’, त्यावरून ‘टु सोल्यूशन’. ‘सॉल्व्ह’ म्हणताना प्रश्न सुटला तरी पाहिजे किंवा सुटला नाही हे मान्य तरी केलं पाहिजे. ‘सोल्यूशन’ करताना प्रश्न सुटला नाही तरी चालतं, त्याभोवती बैठका झाल्या की पुरे. एका फेरीत क्रियेचं नाव झालं, तेव्हा करणारा गळला. दुसऱ्या फेरीत नावाची पुन्हा क्रिया झाली, पण गळलेला माणूस परत आला नाही.

इतिवृत्तातली एक ओळ जवळून पाहू. ‘व्हेंडर कॉन्ट्रॅक्ट: टु बी ॲक्शन्ड बाय फायनान्स.’ अशा ओळी माझ्यासमोर सतत येतात. यात करार आहे, विभाग आहे, कर्मणी रचना आहे. करायचं काय ते मात्र नाही. करार तपासायचा? त्यावर सही करायची? पुरवठादाराला परत पाठवायचा? त्यातली रक्कम मंजूर करायची? रद्द करायचा? लिहिणाऱ्याला विचारलं तर दहातल्या नऊ वेळा तो लगेच सांगतो, ‘अहो, तिसऱ्या कलमातली मुदत त्यांनी मान्य केली का ते कळवायचंय.’ त्याच्या डोक्यात क्रिया अगदी स्पष्ट होती. कागदावर उतरताना तिचं ‘ॲक्शन’ झालं. बैठकीला हजर असलेल्या पाचसहा जणांना ते कळलं असेलही, कारण क्लार्क म्हणतात ती सामाईक माहिती त्यांच्यापाशी होती. पण इतिवृत्त हे मुख्यतः गैरहजर माणसासाठी असतं. नुकत्याच रुजू झालेल्या मुलीला ते वाचून काम करायचं असतं. तिला ती ओळ कळत नाही, आणि सगळे जण तो शब्द सहजपणे वापरत असल्यामुळे विचारायलाही संकोच वाटतो. माझा राग आहे तो यावर.

‘सनसेट’ तर मला दुखावतो. सूर्यास्त सुंदर असतो, त्याला कुणी जबाबदार नसतं, आणि दुसऱ्या दिवशी सूर्य उगवतो. एखादी सेवा बंद करण्यात यातलं काहीही नसतं. ती कुणीतरी ठरवून बंद करतं, आणि ती परत येत नाही. ‘वुई आर सनसेटिंग द सर्व्हिस. इम्पॅक्टेड युजर्स विल बी ट्रान्झिशन्ड.’ दोन वाक्यांत तीन क्रियापदं, तिन्ही नामांसारखी दिसणारी. सेवा वापरणाऱ्याला हवं असतं ते एवढंच: कधी बंद होणार, माझी माहिती राहणार की जाणार, मला आता काय करावं लागेल. यातलं एकही उत्तर त्या तीन क्रियापदांत नाही, आणि लिहिणाऱ्याला ते टाळल्याची जाणीवही होत नाही, कारण वाक्य पूर्ण झालेलं असतं.

‘इम्पॅक्ट’च्या बाबतीत निंदकांनी इतिहास उलटा सांगितला आहे, तेवढं सांगून टाकतो. तो नामाचा क्रियापद झाला नाही. क्रियापद म्हणून तो १६०१ पासूनचा आहे, थेट लॅटिनमधून आलेला, घट्ट दाबून बसवणं या अर्थाचा. नाम बरंच नंतर आलं. हाडात अडकलेल्या अक्कलदाढेला दंतवैद्य आजही ‘इम्पॅक्टेड’ म्हणतात, तो हाच मूळ अर्थ. परिणाम करणं हा अर्थ विसाव्या शतकातला. माझी हरकत त्याच्या वंशावळीवर नाही. परिणाम चांगला की वाईट, केवढा, हे सांगण्यातून तो लेखकाला मोकळं करतो, यावर आहे. पगार वाढले तरी ‘इम्पॅक्ट’, नोकऱ्या गेल्या तरी ‘इम्पॅक्ट’.

सामाईक माहिती नसली की काय होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण ‘टेबल’ आहे. गंमत अशी की ती अगदी साधी वस्तू आहे, म्हणून वस्तूंचा माझा ढीगसुद्धा निर्धास्त नाही. ब्रिटिश इंग्रजीत एखादा विषय ‘टेबल’ करणं म्हणजे तो चर्चेला घेणं, अमेरिकन इंग्रजीत म्हणजे तो बाजूला ठेवणं. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे अधिकारी एका मसुद्यावर बसले. ब्रिटिशांना तो तातडीचा वाटला म्हणून त्यांनी ‘टेबल’ करू म्हटलं. अमेरिकनांनाही तो महत्त्वाचा वाटत होता, म्हणून त्यांनी ‘टेबल’ करायला ठाम नकार दिला. बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, आणि मग लक्षात आलं की दोघांना एकच गोष्ट हवी आहे. हा प्रसंग चर्चिलनेच आपल्या युद्धाच्या इतिहासात लिहून ठेवला आहे.

माणसांच्या आणि कंपन्यांच्या नावांचीही क्रियापदं होतात, तो वेगळाच प्रांत. १८८० मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यात एका जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याच्याकडे काम करायला कुळांनी आणि गावकऱ्यांनी नकार दिला, आणि त्याच वर्षी त्याचं आडनाव वर्तमानपत्रांत क्रियापद म्हणून छापून आलं. ‘गूगल’ हे क्रियापद २००६ मध्ये कोशांत दाखल झालं. त्यामुळे कंपनीचा नावावरचा हक्क जातो का, हा वाद अमेरिकेच्या न्यायालयात गेला. लोक शब्द क्रियापद म्हणून वापरतात एवढ्यानेच नाव सार्वजनिक होत नाही, असं अपील न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं.

माझ्या कामाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा आहे तो उलटा प्रवाह. नामांची क्रियापदं होण्यावर एवढा गदारोळ होतो, पण त्याच कचेऱ्यांत क्रियापदांची नामं होतात त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ‘व्हॉट इज द आस्क?’ ‘द स्पेंड इज हाय.’ ‘धिस इज अ क्विक सॉल्व्ह.’ ‘आस्क’ हे नाम म्हणून हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही सापडतं, तेव्हा ते नवं आहे म्हणून मी अडवत नाही. पण मागणं या क्रियेला मागणारा लागतो, ज्याच्याकडे मागायचं तो लागतो, आणि काय मागायचं तेही लागतं. ‘द आस्क’मध्ये या तिघांपैकी कुणीच नाही. असा मजकूर समोर आला की मी समासात तीनच प्रश्न लिहितो: कोण मागतंय, कुणाकडे, आणि कधीपर्यंत हवंय. उत्तरं बहुधा त्याच दिवशी येतात, आणि ती वाक्यात बसवली की ‘आस्क’ला तिथे जागाच उरत नाही.